सोडलेली जागा

कंपनीत त्याला सगळे भिंगरी म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. कारखान्यांच्या फाटकाशी भरलेले ट्रक उभे करून तोलतात, ते मोठे वजनकाटे तपासायचं आणि दुरुस्त करायचं त्याचं काम. काटा बिघडला की सगळा माल फाटकावर अडतो, मालक डोक्यावर बसतात, आणि काटे काही एकाच गावात बिघडत नाहीत. आज इथे, उद्या तिथे. पायाला भिंगरी लागलेल्या माणसाला दुसरं काय नाव ठेवणार?

लग्न त्याने केलं नव्हतं. धाकटी बहीण म्हणायची, "दादाचं लग्न विमानतळाशी लागलंय. घरी तो माहेरपणाला येतो."

आता एवढं फिरणारा माणूस प्रवासाच्या बाबतीत शहाणा होणारच, आणि भिंगरी जरा जास्तच शहाणा झाला होता. तो बॅग कधी विमानाच्या पोटात टाकत नसे. तपासणीच्या रांगेत कुटुंबवाल्यांच्या मागे उभा राहत नसे. गेटवर बसताना फलकाकडे तोंड करून बसत नसे, काउंटरवरच्या माणसांकडे तोंड करून बसे, कारण विमानाचा उशीर आधी त्यांच्या चेहऱ्यावर येतो आणि मग फलकावर, असं त्याचं म्हणणं. आणि पुढच्या रांगेतली रुंद खुर्ची फुकटात पदरात पाडून घेण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. विमानात जागांपेक्षा माणसं जास्त झाली की कंपनी विचारते, कुणी आपणहून जागा सोडता का, पुढच्या विमानात वरच्या वर्गात बसवतो. नवखे लोक अशा वेळी आपलं तिकीट छातीशी धरून बसतात. भिंगरी हळूच उठायचा. त्याचं गणित झालेलं असायचं.

फक्त घरच्या बाबतीत हे गणित दर वेळी चुकत आलं होतं. बहिणीच्या लग्नाला तो पोचला तेव्हा खुर्च्या उचलत होते. आई गेली तेव्हा वादळात अडकला आणि दुसऱ्या दिवशी आला. बाबा रागावले नाहीत. "हवामान काय तुझ्या हातात असतं?" एवढंच म्हणाले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

बाबा नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. स्वतःसाठी कधी काही मागायचं नाही, हा त्यांचा हट्टच होता. त्यामुळे त्यांचा फोन आला तेव्हाच भिंगरीने हातातला पाना खाली ठेवला. "उद्या दुपारी मला ऑपरेशनला आत नेणार आहेत," बाबा म्हणाले. "डॉक्टर हातचं राखून बोलतायत. त्याआधी ये. तुला एक सांगायचंय, आणि ते फोनवर सांगण्यातलं नाही."

"येतो बाबा. वेळेवर येतो."

"बघ," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

हातातलं काम तसंच टाकून तो निघाला. पहाटेचं पहिलं विमान धुक्यामुळे उशिरा सुटलं, आणि मधल्या विमानतळावर उतरेपर्यंत पुढचं जोडविमान निघून गेलं होतं. हे त्याला नवीन नव्हतं. धावतपळत काउंटर गाठून, गोड बोलून, त्याने त्यानंतरच्या लहान विमानातली शेवटची जागा मिळवली. त्या लहान विमानामागून एक मोठं विमान होतं. दुपारच्या आत घरी न्यायला एवढी दोनच.

गेटच्या काचेबाहेर धुकं असं बसलं होतं की उभं विमान दिसत नव्हतं. नुसता त्याचा एक लाल दिवा दिसे आणि जाई. आत सगळे बाक भरलेले, पोरं पेंगलेली, कॉफीच्या यंत्रापाशी कुणीतरी सांडलेली कॉफी चपलांनी गेटभर पसरवलेली. भिंगरीला तिथे ओळखीचा एकच भेटला. औषधांच्या कंपनीसाठी गावोगाव फिरणारा एक गृहस्थ, ज्याला तो वर्षानुवर्षं वेगवेगळ्या विमानतळांवर भेटत आला होता. एकमेकांना ते औषधवाला आणि भिंगरी याच नावांनी ओळखत. औषधवालाही त्याच लहान विमानाने निघाला होता.

"आज सुटत नाही हे," औषधवाला म्हणाला.

"हे नाही सुटणार," भिंगरी काउंटरवरच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला. "धुक्यात लहान विमान बसून राहतं आणि मोठं उडतं. मोठ्याची यंत्रं वेगळी असतात. बघशील तू, मागचं मोठं आपल्या आधी जाईल."

इतक्यात बाईने माइक उचलला. लहान विमानात एक जागा कमी पडत होती. कुणी आपणहून जागा सोडली, तर मोठ्या विमानात पुढच्या रांगेत बसवू, असं ती म्हणाली. आवाजात फारशी आशा नव्हती.

भिंगरी उठला.

औषधवाल्याने त्याची बाही धरली. "अरे, बाबांचं ऑपरेशन आहे म्हणालास ना? गप बस जागेवर."

"म्हणूनच तर," भिंगरी म्हणाला.

त्याचा हिशेब चोख होता. तो सांगतोय त्यात खोट काही नव्हती, दहा जाणत्या प्रवाशांना विचारलं असतं तर नऊ जणांनी तेच केलं असतं. आणि खरं सांगायचं तर, एवढ्या काळजीतही, ती पुढची रुंद खुर्ची मिळणार म्हणून त्याला थोडंसं बरंही वाटलं होतं.

काउंटरपाशी ज्याला जागा हवी होती तो माणूस उभा होता. मध्यम वयाचा, मध्यम उंचीचा. ज्याचं वर्णन करायला गेलं तर काही हाती लागू नये असा चेहरा. बॅग नव्हती. पिशवीसुद्धा नव्हती. अंगातला कोट मात्र ओला होता, केसांवर पाण्याचे बारीक थेंब होते, जणू तो आत्ताच धुक्यातून चालत आला होता. या गेटला बाहेरून यायला रस्ता नाही, हे भिंगरीला माहीत होतं. नळाखाली डोकं धरलं असेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

हातातल्या बॅगा तोलायचा एक बुटका काटा काउंटरला लागून होता. गर्दीत जागा नव्हती म्हणून असेल, तो माणूस त्या काट्याच्या पत्र्यावरच उभा होता. दोन्ही पाय पत्र्यावर. भिंगरीची नजर सवयीने आकड्यांकडे गेली. आकडे शून्यावर होते.

काटा मेलाय, भिंगरीच्या मनात आलं. तो माणूस बाजूला झाला तेव्हा त्याने बुटाच्या टोकाने पत्रा किंचित दाबून पाहिला. आकडे झरझर वर गेले. पाय काढला तसे गुमान शून्यावर आले. काटा ठणठणीत होता. आतला एखादा जोड अधूनमधून सुटत असेल, असं ठरवून त्याने तो विषय सोडून दिला. दुसरं काही ठरवायला त्या घटकेला वेळ नव्हता.

"तुम्ही देताय जागा?" त्या माणसाने विचारलं.

"हो. जा तुम्ही."

"घरी कुणी वाट बघतंय का तुमची?"

"वडील. आज ऑपरेशन आहे त्यांचं."

"माझी कुणी वाट बघत नाही," तो म्हणाला. "पण जायचं आहे. फार दिवस झाले. लोक जागा देतो म्हणतात, आणि ऐन वेळी मन मागे घेतात. तुम्ही मनापासून देताय ना?"

विमानतळावर कुणी असं विचारत नाही. भिंगरीला त्याचं हसू आलं. "घ्या हो," तो म्हणाला. "अगदी मनापासून."

बाईने भिंगरीचा बोर्डिंग पास घेतला, यंत्रावर धरला, आणि तोच पास त्या माणसाच्या हातात दिला. नाव खोडलं नाही, नवा छापला नाही. दुसऱ्याच्या नावावर विमानात चढता येत नाही, हे पोरासोरांनाही कळतं. भिंगरी तोंड उघडणार होता, तेवढ्यात तिने पुढच्या रांगेचा पास त्याच्यापुढे सरकवला, आणि त्याने तोंड मिटलं. घाईत आहे बिचारी, आत गेल्यावर बदलतील.

मोजून एक कॉफी प्यायला लागेल एवढा वेळ गेला असेल. धुकं बाजूला झालं. विरलं नाही, बाजूला झालं. काचेपासून धावपट्टीपर्यंत एक स्वच्छ पट्टा उघडला, लहान विमान त्यातून सरळ निघालं आणि उडालं. औषधवाला चढताना हात हलवून गेला होता. त्याच्या मागे तो ओल्या कोटाचा माणूस, मागे वळून न बघता.

मग धुकं परत होतं तिथे येऊन बसलं.

भिंगरी काचेपाशी हात चोळत उभा राहिला. आपला शहाणपणा आपल्याला नडला, हे त्याला कळलं, आणि बाबांचा तो "बघ" कानात वाजत राहिला. पण मोठं विमान होतं. दुपारच्या आत पोचता येणार होतं. स्वतःला समजावत तो लाउंजकडे गेला. तिथे त्याला नावानिशी ओळखत असत, आणि त्या घडीला कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारावी असं त्याला फार वाटत होतं.

दारावरच्या मुलीने त्याचं कार्ड यंत्राला लावलं. यंत्र लाल झालं.

"सर, हे प्रवासी गेलेत," ती म्हणाली.

"कुठे गेलेत?"

"मघाच्या विमानाने." तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "हे बघा ना. चढले, बसले, निघाले."

"मी इथे तुमच्यासमोर उभा आहे."

"हो," ती म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण ते बघणं त्याच्या खांद्यापाशीच संपलं. "पण ते गेलेत."

गेल्याच आठवड्यात याच मुलीने त्याला आवडीची खिडकीजवळची खुर्ची धरून दिली होती. भिंगरीने तिला ती आठवण करून दिली. तिने सभ्यपणे मान हलवली आणि त्याच्या मागच्या माणसाचं कार्ड घेतलं.

एकाचं चुकलं की पुढे सगळ्यांचं चुकतं, असं म्हणत तो परत गेटवर आला. पास नाव न बदलता दिला, म्हणून यंत्रात घोळ झाला. साधी गोष्ट आहे.

लहान विमान उतरलं असेल अशा बेताने त्याने औषधवाल्याला फोन लावला.

"कोण बोलतंय?" औषधवाल्याने विचारलं.

"अरे, मी."

"मी कोण?"

"भिंगरी."

औषधवाला हसला. रागावला नाही, हसला. "भिंगरी माझ्या शेजारी बसलाय. एकाच टॅक्सीने निघालोय. हॉस्पिटलच्या दाराशी सोडतो त्याला आणि मी पुढे जातो. देऊ का त्याला?"

पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. टॅक्सीचा हॉर्न ऐकू आला. मग तो शांत, मध्यम आवाज.

"वेळेवर पोचतोय," तो म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका."

फोन बंद झाला.

भिंगरी जिथे होता तिथे, बाकाच्या कडेला, दोन परक्या माणसांच्या मध्ये टेकला. ही थट्टा आहे, हे त्याने स्वतःला सांगून पाहिलं. औषधवाला थट्टेखोर होताच. पण बाप मरणाच्या दारात असताना थट्टा करणारा तो नव्हता, आणि तो हसला होता ते थट्टेचं हसू नव्हतं. चुकून लागलेल्या फोनवर माणूस हसतो, तसं ते हसू होतं.

बऱ्याच वेळाने त्याने बहिणीला फोन लावला. तिने चटकन उचलला.

"बोला."

"धाकटे, मी दादा. नीट ऐक. तिथे कुणी आलं तर बाबांजवळ जाऊ देऊ नकोस. मी मोठ्या विमानाने येतोय."

तिच्या मागे ट्रॉलीची चाकं वाजत होती, कुणीतरी एका सिस्टरला हाक मारत होतं.

"कोण आहात तुम्ही?" तिने हळू विचारलं.

"अगं, दादा."

"दादा आलाय," ती म्हणाली. "आत्ताच आलाय, बाबांजवळ बसलाय. दार लावून बोलतायत दोघं." तिचा आवाज थोडा फाटला. "आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आलाय तो. आजच्या दिवशी असली थट्टा नका करू हो. कोण असाल ते."

त्याने पुन्हा लावला. पुन्हा लावला. नंतर तो लागेनासाच झाला.

मोठं विमान त्याच्या हिशेबाप्रमाणेच सुटलं. चढताना त्याचा पास कुणी मागितलाच नाही. पुढच्या रांगेतली खुर्ची रुंद होती, मऊ होती, पाय पसरून उरेल एवढी जागा होती. हवाईसेविका एकेकापाशी वाकून, नावाने हाक मारून, काय हवं ते विचारत होती. खिडकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना तिने पाणी दिलं, आणि त्याच्या पलीकडच्या माणसाकडे वळली. भिंगरी म्हणाला, "जरा पाणी." ती थबकली, आवाज कुठून आला ते शोधावं तशी मान वळवली, त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथली घडी पडलेली चादर सारखी केली. मग पुढे गेली. घसा कोरडा पडला तरी त्याने पुन्हा मागितलं नाही. मागितलं आणि पुन्हा तेच झालं तर, याची त्याला भीती वाटली.

आयुष्यात एवढ्या चांगल्या जागेवर बसून तो एवढा कधी घाबरला नव्हता.

हॉस्पिटलात तो धावतच शिरला. आधीची शस्त्रक्रिया लांबली होती, बाबांना अजून आत नेलं नव्हतं. म्हणजे तो वेळेवर पोचला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक बोळात फिनेलचा वास होता, खिडक्यांतून दुपारचं फिकं ऊन येत होतं, आणि एका बाकावर धाकटी बसली होती. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा हलका. तिला तसं बघून त्याला भडभडून आलं.

"धाकटे," त्याने हाक मारली.

ती उठली. कुठल्याही अनोळखी माणसाने हाक मारल्यावर बाई उठेल तशी, अंतर ठेवून.

"आपण?"

दार उघडलं आणि तो माणूस बाहेर आला. तोच चेहरा. तो काही भिंगरीसारखा दिसत नव्हता, नाकात नाही, डोळ्यांत नाही, उंचीत नाही. फक्त कोट वाळला होता.

"दादा," धाकटी त्याच्याकडे वळून म्हणाली, "हे कोण बघ रे."

माणसाने भिंगरीकडे पाहिलं. त्या पाहण्यात ना भीती होती, ना खुनशीपणा. ओळख होती, आणि मायाही होती.

"हेच ते," तो म्हणाला. "मी सांगितलं ना तुला. यांनीच आपली जागा मला दिली."

धाकटीचा चेहरा उजळला. ती दोन पावलं पुढे आली आणि तिने भिंगरीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही देवासारखे भेटलात त्याला," ती म्हणाली. "तुम्ही नसता तर हा आजही पोचला नसता."

"अगं, मी दादा आहे," भिंगरी म्हणाला. "माझ्याकडे बघ. तू जिन्यावरून पडलीस तेव्हा हनुवटीला टाके पडले. तू आईला सांगितलंस, मांजर आडवं आलं. मी ढकललं होतं तुला. हे आपल्या दोघांखेरीज कुणाला माहीत आहे?"

धाकटीने हात सोडला. तिचं बोट आपल्या हनुवटीवर गेलं. क्षणभर, एक क्षणभरच, ती भिंगरीकडे अशी बघत राहिली की त्याचा जीव वर आला.

मग ती त्या माणसाकडे वळली. "दादा, हेसुद्धा सांगितलंस का रे यांना?"

"धुक्यात बसलं की माणूस काय काय बोलतो," तो म्हणाला.

भिंगरीने पाकीट काढलं, त्यातलं ओळखपत्र काढलं आणि तिच्यापुढे धरलं. त्यावर त्याचा फोटो होता. त्याचा स्वतःचा, कपाळावर केस आलेला, सरकारी फोटोत येतो तसा चोरासारखा. धाकटीने ते हातात घेतलं. नीट पाहिलं. फोटोवरून अंगठा फिरवला.

"दादा," ती म्हणाली आणि ते त्या माणसाला दिलं, "तुझं कार्ड यांच्याकडे राहिलं होतं."

माणसाने ते खिशात ठेवलं.

भिंगरी ओरडणार होता. पण आतून बाबांचा आवाज आला, बारीक, दम लागलेला.

"कोण आलंय?"

"बाबा, ज्यांनी जागा दिली ना, ते आलेत."

"आत बोलाव. मला भेटू दे."

भिंगरी आत गेला. अजून एक माणूस उरला होता. बाबा चुकणार नाहीत. कचेरीत त्यांच्या हाताखालची माणसं म्हणत, एक रेघ केसभर सरकली तरी म्हाताऱ्याला दिसते.

बाबा ट्रॉलीवर होते. अंगावर हिरवा झगा. चष्मा त्यांनी अजून काढू दिला नव्हता. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जुन्या सवयीने, एकेक रेघ धरून.

भिंगरी वाकला. "बाबा," तो म्हणाला. एवढंच त्याला म्हणता आलं.

बाबांनी त्याचा हात हातात घेतला. पेन धरून धरून त्यांच्या बोटाला पडलेला घट्टा त्याच्या तळहाताला लागला.

"बसा," बाबा म्हणाले.

कुणीतरी त्याच्या मागे स्टूल सरकवलं.

"माझा मुलगा वाईट नाही," बाबा म्हणाले. "फक्त त्याला कधी पोचता येत नसे. आज आला. मला त्याला एक सांगायचं होतं. सांगून झालं. आता काही झालं तरी हरकत नाही."

"काय सांगितलंत?" भिंगरीने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही.

बाबा हसले. "ते घरातलं आहे."

दोन कर्मचारी आले. ट्रॉलीचा खटका निघाला. धाकटीने चष्मा काढून घेतला. तो माणूस दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला, आणि बाबांचा मोकळा हात न बघताच त्याच्या हाताकडे गेला.

"जवळचे तेवढे सोबत या," कर्मचारी म्हणाला. "बाकीच्यांनी इथेच थांबा."

बाबांनी भिंगरीचा हात थोपटला आणि सोडला.

"जा तुम्ही आता," ते म्हणाले. "तुमच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल."

भिंगरी उठला. वाट द्यायला भिंतीशी सरकला. आपली वाट कोण बघतंय, ते आठवायचा त्याने प्रयत्न केला. एक जिना आठवला, कुणाची तरी हनुवटी आठवली, पण ती कुणाची ते लागेना.

म्हातारा अजून त्याच्याकडे बघत होता, काहीतरी म्हणेल म्हणून. काही न बोलता जाणं बरं दिसलं नसतं.

"येतो, काका," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याची जीभ कुठे अडखळली नाही.